दुसरे टिळक

आपल्या मंडळाचा गणपती गेली बरीच वर्षं एका चर्चच्या हॉलमध्ये बसतो, हे आपल्याला माहीतच आहे. भाडं परवडतं, पार्किंग भरपूर आहे, स्वयंपाकघर ऐसपैस आहे आणि चर्चची माणसं समजूतदार आहेत. फक्त कापूर लावताना फायर अलार्मची आठवण ठेवावी लागते, एवढंच!

मागच्या वर्षी आरती झाल्यावर मोदकांची ताटं भरेपर्यंत थोडा वेळ होता, म्हणून आम्ही काही बायका-मुलं शेजारच्या मुख्य प्रार्थनागृहात डोकावलो. रिकामे बाक, बाकांच्या पाठीला खोबणीत ठेवलेली गाण्यांची पुस्तकं, समोर एक साधं टेबल आणि मागे क्रूस. माझ्या मुलीने विचारलं, की इथे मूर्ती नाही, नैवेद्य नाही, मग ही माणसं दर रविवारी येऊन पूजा कशाची करतात? आणि कशासाठी? इतकी वर्षं या देशात काढली, पण मला धड उत्तर देता येईना.

आमच्याबरोबर नगरच्या एक काकू होत्या. मंडळाच्या जुन्या सभासद, घराणं तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. त्या नुसत्या हसल्या, पुढच्या बाकावर बसल्या आणि हलकी टाळी देत काहीतरी म्हणू लागल्या. चाल ऐकून मला वाटलं अभंग आहे. अभंगच होता. पण तो विठ्ठलाचा नव्हता, ख्रिस्ताचा होता. कोणाचा म्हणून विचारलं, तर त्यांनी नाव सांगितलं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं निघालं: रेव्हरंड नारायण वामन टिळक.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांची शाळा महाराष्ट्रात झाली, त्यांना ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आठवत असेल. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षीण आणि तिची पिल्लं! वर्गातल्या निम्म्या मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. फुलामुलांचे कवी म्हणून आपण टिळकांना ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तले भोळे, तापट, विसरभोळे, घरातली चीजवस्तू कोणालाही देऊन मोकळे होणारे टिळकही आपल्याला माहीत असतात. पण या माणसाने मराठी चर्चमधल्या उपासनेचं रूप बदललं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. त्या दिवसापासून मी जमेल तसं वाचत गेले आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला या दुसऱ्या टिळकांच्या आयुष्यातच सापडलं.

दुसरे टिळक अशासाठी, की लोकमान्य आणि हे दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही चित्पावन आणि वयाने पाच-सहा वर्षांच्या अंतरातले. नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई प्रेमळ आणि काव्याची आवड असलेली. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि घर तुटल्यासारखं झालं. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला. पुढे कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक असं करत नारायणराव गावोगाव फिरत राहिले. एका जागी टिकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. १८८० च्या सुमाराला त्यांचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय जेमतेम बारा. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

नागपूरला असताना श्रीमंत बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. पण मनाला स्वस्थता नव्हती. देश असा खाली का गेला आणि वर कसा येईल, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस छळत असे. जातिभेद मोडल्याशिवाय आणि सगळ्यांचा एकच पिता असलेला देव मानल्याशिवाय गत्यंतर नाही, असं त्यांचं मत बनत चाललं होतं. स्वतःच असा एखादा नवा धर्म काढावा इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

अशा मनःस्थितीत १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. गाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. बोलणं काव्यावरून धर्मावर आलं. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराचं पुस्तक हातात ठेवलं, ते वाचा आणि प्रार्थना करा असं सांगितलं, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून ते वाचायला बसले. सुरुवातीला फारसं पटेना. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. शत्रूवर प्रेम करा, दान गुपचूप करा, देवाला बाप म्हणून हाक मारा, ही शिकवण त्यांच्या मनातल्या प्रश्नांना थेट जाऊन भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत दोन वर्षांच्या आतच खरं ठरलं.

या एका घटनेने घराचे दोन तुकडे झाले. लक्ष्मीबाईंना नातेवाईक पंढरपूरला घेऊन गेले, बरोबर लहानगा दत्तू. विचार करा, ज्या बाईच्या वडिलांनी सोवळ्यापायी घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायला लावली, तिच्या नवऱ्याने धर्म बदलला! पण टिळकांनी बायकोवर कधी बळजबरी केली नाही. पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, वाट पाहिली. काही काळाने लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, देव वेगळे. आणि टिळकांनी ते सगळं मानलं. पुढे हळूहळू लक्ष्मीबाईंना स्वतःहूनच वाटू लागलं, की जात माणसाने केली आहे, देवाने नव्हे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर साधारण पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांची पुढची सगळी भूमिका या अनुभवातून समजते असं मला वाटतं. जी भक्ती मनाने स्वीकारलेली नाही, ती वरून लादता येत नाही. नवऱ्याने बायकोवर नाही, आणि साहेबाने मंडळीवरही नाही.

‘मंडळी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठी बायबलात चर्चला हाच शब्द आहे. चर्च म्हणजे इमारत नव्हे, जमलेली माणसं. आपण आपल्या संस्थेला मंडळ म्हणतो, ते मंडळी म्हणतात. ख्रिस्ती उपासना समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. आपल्याकडे देवळात जाऊन एकट्याने दर्शन घेतलं, नारळ वाढवला, प्रदक्षिणा घातली की पूजा पुरी होते. ख्रिस्ती माणूसही घरी एकटा प्रार्थना करतोच. पण रविवारची उपासना एकट्याची नसते, ती सगळ्यांनी मिळून करायची असते. रविवारच का, तर येशू त्या दिवशी मरणातून उठला अशी श्रद्धा आहे म्हणून.

मग तिथे करतात काय? पंथापंथांत खूप फरक आहेत, पण गाभा बराचसा सारखा आहे. आधी देवाची स्तुती, कारण तो मोठा आहे म्हणून, काही मागायचं आहे म्हणून नव्हे. मग पापांची कबुली आणि क्षमेचं आश्वासन. मग शास्त्रवाचन आणि त्यावर प्रवचन. मग आजारी, दुःखी, राज्यकर्ते, शेजारी-पाजारी या सगळ्यांसाठी मागणं. मग दानार्पण. आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण. कोणी ते दर रविवारी करतात, कोणी महिन्यातून एकदा. शेवटी आशीर्वचन, आणि ते घेऊन घरी.

या सगळ्याचा हेतू देवाला खूश करून काम साधणं हा नाही. देवाने आधीच प्रेम केलं आहे, त्याचे आभार मानायला माणसं जमतात, अशी त्यामागची समजूत आहे. आणि आशीर्वचन झालं की उपासना संपली असंही नाही. बाहेर पडून आठवडाभर ज्याची-त्याची सेवा करायची, तोच तिचा उरलेला भाग. टिळकांना ही गोष्ट फार जवळची होती. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आणि लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली, पोरक्या मुलांना घरात घेतलं. त्यांच्या लेखी ती उपासनाच होती.

पण टिळक अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मिशनच्या कामात रुजू झाले, तेव्हा रविवारची उपासना त्यांना कशी दिसली? अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून काम करत होतं. बायबल मराठीत होतं, प्रवचन मराठीत होतं. शाळा होत्या, दवाखाने होते. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ पासून निघत होतं. मिशनऱ्यांचं हे ऋण टिळकांनी कधी नाकारलं नाही. पण गाणी? बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं. ज्यांना गाण्याचं थोडं अंग आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. इंग्रजी चालीत आघात ठरावीक जागी येतो. मराठी शब्दातले ऱ्हस्व-दीर्घ त्याच्याशी जुळत नाहीत. मग दीर्घ अक्षर तोडावं लागतं, ऱ्हस्व ओढावं लागतं आणि साधा शब्दही परका वाटायला लागतो. शिवाय पुस्तक हातात धरून ओळीमागून ओळ म्हणायची, म्हणजे वाचता यायला हवं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतले पुष्कळसे ख्रिस्ती लोक तेव्हा निरक्षर होते. ते बिचारे ओठ हलवत उभे राहणार!

अभंगाचं तसं नाही. पुढचा एक ओळ म्हणतो, बाकीचे तीच झेलतात. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं. दोन कडव्यांत चाल बसते, चौथ्यात माणूस डोलायला लागतो. पुस्तक लागत नाही, पेटी नसली तरी चालतं, टाळ असले की झालं आणि टाळही नसले तर टाळी. ज्ञानेश्वर-नामदेवांपासून साऱ्या महाराष्ट्राचा गळा या गाण्याने घडवलेला. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं, की देवाने आपल्याला हा गळा दिला आहे, तर त्याच्यासमोर उसना गळा कशाला न्यायचा?

त्यांनी पदं, भजनं, ओव्या, अभंग लिहायला सुरुवात केली, आणि एक-दोन नव्हे, शेकड्यांनी लिहिली. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक वापरतात, त्यात सर्वांत मोठा वाटा टिळकांचा आहे. त्यांच्या गीतांत ख्रिस्त कधी गुरू आहे, कधी सखा आहे आणि कधी चक्क माउली आहे. वारकऱ्याने विठोबाला आई म्हणावं तितक्या सहजपणे टिळक ख्रिस्ताला आई म्हणतात. तुकोबांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्ताच्या पायापाशी आलो, अशी त्यांची भावना होती आणि ती ते उघड बोलून दाखवत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतले त्यांचे अभंग ‘अभंगांजली’ या नावाने ओळखले जातात.

या वाटेवर ते पहिले नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षं, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापलं होतं. नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांची उणीव भासत होती. चर्चमधला मिस्सा लॅटिनमध्ये आणि मन मात्र मराठी-कोकणीत, अशी ती कोंडी. कॅथलिक चर्चने लोकभाषांना उपासनेत मोकळीक दिली ती १९६२ ते १९६५ मध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. म्हणजे फादर स्टीफन्स साडेतीनशे वर्षं घाईत होते म्हणायचं! नगरमध्येही टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली होती. टिळकांनी त्या कीर्तनात जीव ओतला. पूर्वरंगात बायबलातलं वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात येशूची किंवा एखाद्या भक्ताची कथा, मधूनमधून भजन. कीर्तन तर त्यांचा जुनाच व्यवसाय! पुढे लक्ष्मीबाईही कीर्तनं करू लागल्या.

हे सगळ्यांनाच पसंत पडलं असं समजू नका. आणि विरोध करणारे सगळे परकेच होते असंही नाही. मला वाचताना सगळ्यात विचार करायला लावणारा भाग हाच वाटला. नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले. त्यांना ज्या धर्माने देवळाच्या पायरीवरही उभं केलं नव्हतं, त्याच धर्माचे टाळ-चिपळ्या पुन्हा हातात का घ्यायच्या? ब्राह्मण घराण्यातल्या, संस्कृत शिकलेल्या कवीला परंपरा गोड वाटणं सोपं आहे. ज्याने तिचे चटके खाल्ले, त्याला इंग्रजी चाल हीच मोकळी हवा वाटली तर त्याचं काय चुकलं? मिशनऱ्यांतल्या काहींना वेगळीच भीती होती, की चाल आली की मागोमाग जुनी समजूतही येईल.

टिळकांनी यावर मोठा वाद घातला नाही. त्यांचं उत्तर त्यांच्या कामात दिसतं. एक म्हणजे, भजन ही काही ब्राह्मणांची मिरास नव्हती. चोखामेळा महार होता, तुकोबा कुणबी होते. ज्यांना देऊळ बंद होतं त्यांनीच वाळवंटात हे गाणं मोठं केलं. दुसरं म्हणजे, टिळकांनी चाल घेतली, पण पंगतीचा भेद घेतला नाही. त्यांच्या घरात कोणीही जेवे, कोणीही राही. बालकवी ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, पण नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. दुष्काळातली मुलं कोणत्या जातीची हे त्या घरात कोणी विचारलं नाही. प्रभुभोजनाच्या टेबलाशी सगळे एक भाकर खातात आणि घरी आल्यावर वेगळी पंगत मांडतात, असं झालं तर ती उपासना खोटी. टिळकांचं घर या परीक्षेला उतरलं, म्हणून त्यांच्या भजनांवर लोकांचा विश्वास बसला असावा. आज ती गीतं मराठी ख्रिस्ती समाजातल्या सगळ्या थरांत म्हटली जातात, हाच त्या वादाचा निकाल.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केलं. बाहेरच्या मराठी साहित्यातही त्यांना मान होता. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, त्यात त्यांचा पुढाकार होता. ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं ते तिथेच. धर्म बदलला म्हणून भाषा बदलली नाही आणि देशही बदलला नाही, हे ते आयुष्यभर वागून दाखवत राहिले.

तरी त्यांच्या मनात एक सल होता. मिशनचा पगार घेणारा माणूस म्हणून लोक आपल्याकडे पाहतात, मग आपण देवाचे भक्त की साहेबाचे नोकर? हिंदू मित्रांच्या नजरेतला हा प्रश्न त्यांना बोचत असे. १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी पगार सोडला आणि एका अर्थाने संन्यास घेतला. साताऱ्याला जाऊन आश्रमासारखं राहायला लागले आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसंघ त्यांनी उभा करायला घेतला.

या दरबाराची कल्पना धाडसी होती. त्यात ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही येऊ शकत होता, बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेलाही. पगार नाही, हुद्दा नाही, एकत्र भजन, एकत्र प्रार्थना, एकत्र सेवा. साहजिकच प्रश्न उठला, की बाप्तिस्म्याशिवाय मंडळी कसली? टिळकांनी स्वतः बाप्तिस्म्यासाठी केवढी किंमत मोजली होती, ते आपण पाहिलंच. त्यामुळे बाप्तिस्मा ते हलका लेखत होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण भजन म्हणायला बसलेल्या माणसाला दारात अडवायचं नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. देवळाच्या दारात अडवलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. आपल्या दाराशी त्यांना ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

दरबाराला वेळ मात्र मिळाला नाही. तब्येत खालावत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. संन्यासाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ही सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलं होतं.

ते पूर्ण कोणी केलं, तर लक्ष्मीबाईंनी. जिला टिळकांनी घरीच अक्षरओळख करून दिली, जी एके काळी त्यांच्या धर्मांतराने कोसळून पडली होती, तिने उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्याचं कौतुक आपण सगळे करतो, पण लक्ष्मीबाईंचं हे दुसरं काम सहसा कोणी आठवत नाही. वेगळ्या चुलीपासून एका ग्रंथापर्यंत, एवढा लांबचा हा संसार!

दरबार मोडला तरी कल्पना मोडली नाही. टिळकांना मानणारे जे. सी. विन्स्लो हे इंग्रज धर्मोपदेशक भारतीय पद्धतीच्या उपासनाविधीसाठी खटपट करत होते. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. साधी राहणी, आश्रमजीवन, इंग्रज आणि भारतीय एकत्र. दुसऱ्याच वर्षी त्यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे भारतभर जे ख्रिस्ती आश्रम झाले, जमिनीवर बसून, समई लावून ज्या उपासना होऊ लागल्या, त्यांच्या मागे गेलं तर टिळकांच्या साताऱ्याच्या घराशी आपण पोचतोच.

तर मुलीच्या प्रश्नाकडे परत येते. ही माणसं पूजा कशाची करतात आणि कशासाठी? आता मी तिला सांगितलं ते असं. ती जमतात, कारण एकट्याने मानलेले आभार त्यांना अपुरे वाटतात. गातात, कारण नुसतं बोलून प्रेम पुरं होत नाही. एक भाकर वाटून खातात, म्हणजे बाहेर पडल्यावर कोणाला वेगळं बसवता येऊ नये. आणि हे सगळं ज्या भाषेत रडतो-हसतो त्याच भाषेत केलं, तरच ते मनापासून होतं. हे शेवटचं टिळकांनी शिकवलं.

ती थोडा वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली की तिला आपल्या आरतीचा अर्थ कधी कोणी सांगितलेला नाही. मंडळी, खरं सांगते, हे मला लागलं. रोमन लिपीतला कागद हातात धरून आमची मुलं आरती म्हणतात, तेव्हा नगरच्या त्या जुन्या चर्चमध्ये परक्या चालीवर ओठ हलवणाऱ्या माणसांसारखीच त्यांची अवस्था असते. त्यांचा उसना गळा आम्ही त्यांना देतोय की त्यांचा स्वतःचा, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

या वर्षी गणपतीत आम्ही एक छोटासा बदल केला. आरतीच्या आधी दहा मिनिटं अर्थ सांगितला, मुलांना प्रश्न विचारू दिले. काही प्रश्नांची उत्तरं कोणालाच आली नाहीत आणि त्यावर मोदक खाताना बरीच चर्चा झाली. आणि शेवटी नगरच्या काकूंनी टिळकांचं एक भजन म्हटलं. एक ओळ त्या म्हणायच्या, बाकीचे सगळे झेलायचे. पुस्तक कोणाच्याच हातात नव्हतं. तिसऱ्या कडव्याला माझी मुलगी टाळी देत होती.